सातवा भाग

माझ्याकडे आलेल्या जुन्या शिवणयंत्रातला एक भाग जागेवरच नाही, हे कळायला मला पाच आठवडे लागले. यंत्र ठप्प असते तर कदाचित इतका वेळ गेला नसता. पण ते चालत होते, टीपही घालत होते आणि सलग चार-सहा इंच शिवण इतकी नेटकी येत होती की दोष यंत्रात नसून आपल्याच हातात आहे, असे वाटावे. मला शिवता येते, दुरुस्ती येत नव्हती. त्यामुळे बिघाड म्हणजे काहीतरी मोडलेले, झिजलेले किंवा गंजून अडकलेले असणार, एवढीच माझी समजूत होती आणि शोधही मी तेवढाच घेत राहिले.

यंत्र हाताने फिरवायचे आहे. एका परिचितांना घर रिकामे करताना ते अडगळीत सापडले आणि मी शिवते हे ठाऊक असल्यामुळे त्यांनी ते मला दिले. शेवटचे कधी चालले होते, हे त्यांच्या घरात कोणालाच सांगता आले नाही. लाकडी झाकण काढले तेव्हा आत बिडाचा काळा सांगाडा, त्यावर बरीचशी टिकून राहिलेली सोनेरी नक्षी आणि सगळ्यावर धूळ व तेल यांचा एकजीव झालेला चिकट थर होता. सांगाड्यावर ठोकून उमटवलेला क्रमांक होता आणि त्याच्या आधी इंग्रजी अक्षर होते. सिंगरच्या यंत्रांवर क्रमांकाआधी अक्षर घालण्याची पद्धत १९०० पासूनची आहे, त्यामुळे यंत्र त्यानंतरचे हे लगेच ठरले. वरच्या दोऱ्याचे टेन्शन, म्हणजे ताण ठरवणारा संच, डाव्या टोकाच्या धातूच्या झाकणावर, अर्थात फेस प्लेटवर, खाली होडीसारख्या लांबट शटलऐवजी खालच्या दोऱ्याची गोल बॉबिन आणि तिच्यासाठी डावीकडून काढता-घालता येणारी बॉबिन केस, या खुणांवरून ते सिंगरच्या पंधरा नंबरच्या जातीचे आहे हे समजले. ही जात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पुढे कितीतरी दशके बनत राहिली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी कारखान्यांनी तिच्या असंख्य नकलाही काढल्या. म्हणूनच हिचे सुटे भाग सहज मिळतात, असे सगळे सांगतात. ते खरे आहे. पण त्या खऱ्यातही एक मेख आहे, ती मला पुढे कळली.

आधी साफसफाई. चाक फिरत होते, पण मधात बुडवलेल्या चमच्यासारखे. जुने तेल वर्षानुवर्षे पडून राहिले की त्याचे वंगण राहत नाही, डिंक होतो. मी प्रत्येक तेलाच्या छिद्रात रॉकेलचे दोन-दोन थेंब सोडले, केस वाळवण्याच्या यंत्राने सांधे कोमट केले आणि चाक थोडे पुढे, थोडे मागे असे फिरवत राहिले. दुसऱ्या दिवशी ते सैल झाले, तिसऱ्या दिवशी बोटाच्या धक्क्याने फिरू लागले. मग सगळे रॉकेल पुसून काढून शिवणयंत्राचे पातळ तेल घातले. रॉकेल मळ सुटवते, वंगणाचे काम करत नाही. ते तसेच ठेवून यंत्र चालवले तर धातूवर धातू घासतो. सांगाड्याच्या बाहेरच्या अंगाला मात्र मी रॉकेलही लावले नाही आणि स्पिरिट तर मुळीच नाही, कारण या जुन्या यंत्रांच्या नक्षीवर लाखेचा पातळ लेप असतो आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. कापसाच्या बोळ्यावर शिवणयंत्राचेच तेल घेऊन हलक्या हाताने पुसत गेले की मळ निघतो आणि सोने राहते. दात्यांच्या खालून निघालेला कापडाचा भुसा इतका दाबला गेला होता की तो नमद्याच्या तुकड्यासारखा अखंड बाहेर आला.

हे सगळे झाल्यावर नवी सुई लावली, सुती दोरा ओवला आणि दुहेरी सुती कापडावर पहिली टीप घातली. वरून ती सरळ आणि सारखी दिसत होती. कापड उलटले तेव्हा मात्र दर काही इंचांवर दोऱ्याची दोन-चार ढिली कडी लोंबत होती. हळू फिरवले की कडी कमी पडत, वेगाने फिरवले की वाढत; आणि अधूनमधून वरचा दोरा आधी पिंजून, मग तुटत असे. पिंजलेले टोक मी भिंगाखाली पाहिले. दोऱ्याच्या तीन पदरांपैकी एक पदर मधोमध टोचल्यासारखा फाटलेला होता. ही खूण किती बोलकी आहे, हे तेव्हा मला वाचता आले नाही.

खाली कडी दिसली तर दोष वरच्या दोऱ्यात शोधायचा, एवढे मला ठाऊक होते. म्हणून मी टेन्शनचा नट आवळला. कडी कमी झाली, पण गेली नाहीत. उलट शिवण चुरमडू लागली. आणखी आवळला तेव्हा दोरा तुटण्याचे प्रमाण वाढले. मग मी सुईकडे वळले. हिला १५ बाय १ या जातीची सुई लागते, म्हणजे आजच्या घरगुती यंत्रांना लागते तीच सपाट पाठीची. ९० नंबरची, अर्थात ०.९ मिलिमीटर जाडीची सुई मी लावली होती. ती बदलून जाड लावली, मग बारीक लावली. सुईच्या अंगाला जी लांब खाच असते, त्या बाजूने दोरा नेढ्यात शिरला पाहिजे. तेही दोनदा तपासले. दोरा बदलला. फरक शून्य.

यानंतर मी जे केले ते करायला नको होते. बॉबिन केसच्या पोलादी पट्टीवर एक सूक्ष्म स्क्रू असतो, त्याने खालच्या दोऱ्याचा ताण ठरतो. वरचा ताण जुळत नाही म्हणून मी खालचा बदलायला घेतला आणि तोही आधीची जागा खुणेने टिपून न ठेवता. अर्धा आटा सैल केला, पाव आटा घट्ट केला, पुन्हा सैल केला, आणि तासाभराने आपण कुठून निघालो होतो हेच मला सांगता येईना. शेवटी दोऱ्याला बॉबिन केस टांगून पाहण्याची जुनी रीत कामी आली: केस आपल्या वजनाने खाली घसरू नये आणि हाताला हलका झटका दिल्यावर इंच-दोन इंच उतरून थांबावी. तेवढ्यावर स्क्रू आणून मी त्याला परत हात लावायचा नाही असे ठरवले. मूळचा ताण बहुधा बरोबरच होता, हे आता वाटते. न मोडलेली गोष्ट मी मोडून पुन्हा जोडली, आणि त्यात एक आठवडा गेला.

त्यापुढचा मोह याहून मोठा होता. सुई आणि खाली तिचा दोरा पकडणारा हूक यांची गाठ योग्य क्षणी पडत नसेल, म्हणजे यंत्राचे टायमिंग बिघडले असेल, असे मला वाटू लागले. सुई तळाशी जाऊन दोन-अडीच मिलिमीटर वर उचलली गेली की तिच्या पाठीशी दोऱ्याचे छोटे कडे तयार होते आणि नेमक्या त्याच वेळी हुकाचे टोक त्यात शिरावे लागते. मी सुईखालची पट्टी काढली, चाक अगदी सावकाश फिरवले आणि टॉर्चच्या उजेडात हे घडताना पाहिले. हूक वेळेवर येत होता, टोक सुईच्या पोकळ्यातून हवे तसे जात होते. सुदैवाने त्या दिवशी मी सुईचा दांडा सैल केला नाही. कोणी मुद्दाम छेडल्याशिवाय या यंत्रांचे टायमिंग सहसा हलत नाही. आणि एकदा ते हलवले की माझ्यासारखीने ते परत बसवणे ही आणखी पाच आठवड्यांची गोष्ट झाली असती.

पण पट्टी काढून बसलेल्या त्या रात्रीच मला वेगळे काही दिसले. मी हुकाकडे पाहत होते, त्यामुळे चाक इतके हळू फिरवत होते की एरवी डोळ्यांपुढून सरकून जाणारा वरचा दोरा प्रथमच नीट नजरेला पडला. दोरा ओढणारी दांडी, म्हणजे टेक-अप, वरून खाली यायला लागली की सुईही कापडाकडे उतरू लागते. सुईचे नेढे अजून कापडाच्या वर असते, तिला दोऱ्याची गरज नसते, आणि नेमक्या त्याच वेळी टेक-अप दोरा सोडत असते. तो सुटलेला दोरा माझ्या यंत्रात नुसताच झोळ देऊन सुईपुढे लोंबत होता. दोन-तीन फेऱ्यांत एकदा तो झोळ सुईच्या वाटेत आला आणि सुई त्याच्यातूनच आरपार गेली. टोचल्यासारखा फाटलेला तो पदर मला तेव्हा आठवला.

एवढा झोळ पडू द्यायचा, अशी यंत्राची रचना असणे शक्य नव्हते. एलियास हाऊ यांनी १८४६ मध्ये टोकाशी नेढे असलेल्या सुईने दोन दोऱ्यांची टीप घालणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले, तेव्हापासून या यंत्रांचे सगळे कौशल्य दोरा कधी ताणायचा आणि कधी सैल सोडायचा यातच आहे. मग हा झोळ कोणी गिळायला हवा होता? मी या जातीच्या यंत्राच्या जुन्या माहितीपुस्तिकेची प्रत मिळवली आणि दोरा ओवण्याची आकृती समोर ठेवून एकेक थांबा मोजत गेले. रीळ, वरचा मार्गदर्शक, टेन्शनच्या दोन चकत्यांची फट, आणि चकत्यांतून बाहेर पडल्या पडल्या तारेचा एक छोटा आकडा. तिथून खालचा स्थिर आकडा, मग टेक-अपचे भोक. माझा दोरा चकत्यांतून निघून थेट स्थिर आकड्याकडे जात होता. मधला तारेचा आकडा माझ्या यंत्रावर नव्हताच. दोरा त्याच्याशिवायही इतक्या सहज ओवला जात होता की एक थांबा चुकला आहे, अशी शंका येण्याचे कारण नव्हते.

मी टेबलावर पांढरे कापड पसरले आणि टेन्शनचा संच उलगडला. उलगडताना प्रत्येक भाग ज्या क्रमाने आणि ज्या तोंडाने निघाला त्याच क्रमाने ओळीत मांडला. बॉबिन केसच्या प्रकरणातून एवढे तरी शहाणपण आले होते. बाहेरचा नट. त्यामागे शंकूसारखी निमुळती स्प्रिंग. मग मध्ये आडवी पट्टी असलेली चकती. कापड दाबून धरणारे फूट उचलले की खुंटीच्या पोकळीतून येणारी एक बारीक पिन हिला ढकलते आणि दोरा मोकळा होतो. त्यानंतर फुगीर बाजू एकमेकींकडे केलेल्या दोन चकचकीत चकत्या, ज्यांच्या मधून दोरा जातो. आणि शेवटी ज्यावर हे सगळे ओवलेले असते ती, टोकाशी चीर असलेली खुंटी. कापडावर सहा वस्तू झाल्या. आकृतीत सात होत्या.

सातवी म्हणजे चेक स्प्रिंग, तो झोळ धरून ठेवणारी. खुंटीच्या बुडाशी तिचे दोन-तीन वेढे बसतात, आतले टोक खुंटीच्या खाचेत अडकते आणि बाहेरचे टोक लांब होऊन त्याचा आकडा होतो, ज्यात दोरा अडकतो. खुंटी फेस प्लेटमधून काढून मी ती खाच पाहिली. तिच्यात वाळलेले तेल ठासून भरले होते; सुईच्या टोकाने उकरले तेव्हा खाच स्वच्छ उघडी झाली, तुटक्या तारेचा कण त्यात नव्हता. याचा अर्थ स्प्रिंग तिथे तुटली नव्हती. केव्हातरी कोणीतरी हा संच उघडला, स्प्रिंग मोडली किंवा हरवली, आणि बाकीचे सहा भाग अगदी बरोबर क्रमाने परत जोडून यंत्र झाकून ठेवले. त्या माणसाला मी बराच वेळ मनातल्या मनात बोलत होते. मग फेस प्लेट पुसताना खुंटीच्या भोकाच्या डावीकडे एक रेघ दिसली. नखाएवढी, किंचित वक्र, निकेलचा मुलामा घासून खालचा धातू उघडा पडलेली. आकड्याची तार तिथे वर्षानुवर्षे खाली-वर होत घासली होती. पाच आठवडे ती रेघ माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मी तिला ओरखडा समजत होते.

भाग कळला, आता तो मिळवायचा होता. वर म्हटलेली मेख इथे आली. पंधरा नंबरच्या यंत्राची चेक स्प्रिंग, एवढेच सांगून मी ती मागवली आणि आली ती बसेना. या जातीच्या जुन्या यंत्रांवर टेन्शनचा नट साधा आहे. पुढच्या काळातल्या यंत्रांवर त्याला अंकांची तबकडी आली आणि तिच्याबरोबर खुंटी, तिच्याभोवतीची जागा आणि स्प्रिंगही बदलली. आलेल्या स्प्रिंगचे वेढे माझ्या खुंटीवर ढिले होत होते आणि आतल्या टोकाचा वाक खाचेत शिरत नव्हता. विक्रेत्याने पाठवले ते मी मागितले तेच होते. चूक माझी, कारण यंत्राची जात सांगितली आणि टेन्शनचा प्रकार सांगितला नाही. दुसऱ्या वेळी मी उलगडलेल्या सहाही भागांचा मोजपट्टीसह फोटो पाठवला. योग्य स्प्रिंग मिळेल, पण थांबावे लागेल, असे उत्तर आले.

थांबणे मला जमले असते. पण झोळाचे कारण हेच आहे याची खात्री केल्याशिवाय चैन पडत नव्हते. म्हणून तात्पुरती स्प्रिंग स्वतःच वळवायची ठरवले. तार कोणती घ्यावी, हा पहिला प्रश्न. साधी लोखंडी तार वाकते आणि वाकलेलीच राहते. तिला परत उसळी घ्यायची सवय नसते. स्प्रिंगला हवी ती कडक पोलादी तार, जी तंतुवाद्यांना लावतात. गिटारच्या ०.४३ मिलिमीटर जाडीच्या, वर दुसरी तार न गुंडाळलेल्या साध्या तारेचा उरलेला तुकडा मला मिळाला.

पहिली स्प्रिंग मी खुंटीएवढ्याच जाडीच्या ड्रिलच्या दांड्यावर वळवली. हातातून तार सोडली आणि वेढे डोळ्यांदेखत फुलले. खुंटीवर घातले तर बांगडीसारखे फिरू लागले. अशी तार वळवल्यावर थोडी मागे उलगडतेच, त्यामुळे दांडी नेहमी हव्या त्या मापापेक्षा बारीक घ्यायची. किती बारीक, ते तार आणि हात यांच्यावर अवलंबून असते. मला दीड मिलिमीटर कमी जाडीची दांडी लागू पडली. दुसऱ्या स्प्रिंगचे माप जमले, पण दिशा चुकली. बसवली, दोरा ओढला, आणि आकडा खाली येताना वेढे आवळण्याऐवजी सैल होत गेले. अशी स्प्रिंग काही काळ काम देते, पण तिचा ताण लवकर जातो आणि वेढे खुंटीवरून सरकतात. दोरा ज्या दिशेने ओढतो त्या दिशेने वेढे घट्ट व्हायला हवेत. ही गोष्ट तार वळवण्याआधी एक दोरी पेन्सिलीभोवती गुंडाळून पाहिली असती तरी कळली असती.

तिसऱ्या वेळी माप आणि दिशा दोन्ही बरोबर आले आणि माझी अक्कल आडवी आली. आकड्याचा लहान वाक पकडीने नीट येईना, म्हणून मी तारेचे टोक ज्योतीवर लाल केले. वाक सुंदर आला. पण तापवल्याने तारेचे पाणी उतरले, आणि दोऱ्याच्या पहिल्याच ओढीत आकडा वाकून सरळ झाला. अशी तार थंडच वळवायची असते. चौथ्या वेळी मी बारीक टोकाची गोल पकड घेतली, वाक तीन टप्प्यांत थोडा-थोडा दिला आणि शेवटी जादा टोक कापले. कापताना तुकडा उडून कपाळाला लागला. चष्मा होता म्हणून बरे. त्यानंतर तार कापताना मी तिच्यावर फडके धरू लागले. मग आकड्याच्या आतल्या बाजूवर बारीक पॉलिश पेपर पुष्कळ वेळ फिरवला, कारण तिथे केसाएवढी धार राहिली तरी दोरा तिच्यावर पिंजतो आणि मग सगळा खटाटोप करून आपण मूळ तक्रारीपाशीच परत येतो. एक पातळ रेशमी दोरा आकड्यातून दहा-बारा वेळा ओढून पाहिला. तो अडकला नाही, तेव्हा पेपर खाली ठेवला.

जोडणी उलट्या क्रमाने केली. खुंटीच्या खाचेत स्प्रिंगचे आतले टोक, आकडा डावीकडे, खुंटी फेस प्लेटमध्ये, मग चकत्या, आडव्या पट्टीची चकती, निमुळती स्प्रिंग आणि नट. फूट उचलल्यावर पिन चकत्या मोकळ्या करते का, हे आवर्जून पाहिले. ते होत नसेल तर कापड ओढून काढताना दोरा सुईला खेचतो आणि सुई वाकते. आता उरली जुळणी, आणि ती बसवण्यापेक्षा नाजूक निघाली. चेक स्प्रिंगच्या बाबतीत दोन गोष्टी जुळवाव्या लागतात आणि त्या वेगवेगळ्या आहेत: ती किती जोराने ओढते आणि किती अंतरापर्यंत ओढत राहते. नियम असा, की सुई खाली येताना नेढे कापडाला टेकेपर्यंत स्प्रिंगने झोळ धरून ठेवावा आणि नेढे कापडाशी पोचताच तिने आपल्या थांब्यावर विसावून दोरा मोकळा सोडावा. आधीच थांबली तर झोळ पडतो. थांबायला उशीर झाला तर ती हुकाला हवा असलेला दोराही ओढून धरते आणि टाका सुटतो. फेस प्लेटचा छोटा पकडस्क्रू सैल करून, खुंटीच्या चिरेत पेचकस घालून ती किंचित फिरवायची, स्क्रू आवळायचा, चाक हळू फिरवून नेढ्याकडे आणि आकड्याकडे आलटून पालटून पाहायचे, आणि पुन्हा सैल करायचे. हे मी किती वेळा केले ते मोजले नाही. यात एक इशारा मात्र द्यायला हवा. पेचकसाचे पाते चिरेत घट्ट बसणारे असावे. सिंगरच्या स्क्रूंचे आटे सर्वसाधारण मापांत बसत नाहीत, त्यामुळे एखाद्याचे डोके खराब झाले तर जवळच्या डब्यातला दुसरा त्याच्या जागी जात नाही.

चाचणीसाठी वर लाल आणि खाली पांढरा दोरा घेतला. टेन्शनचा नट जो मी आवळत आवळत जवळजवळ शेवटपर्यंत नेला होता, तो आता चार आटे सैल करावा लागला. पहिल्या टिपेत खालून लाल ठिपके दिसले. नट थोडा आवळला, ठिपके नाहीसे झाले. वरून फक्त लाल, खालून फक्त पांढरा, म्हणजे दोन्ही दोऱ्यांची गाठ कापडाच्या पोटात पडत होती. मग मी जोरात चाक फिरवले. आकडा इतक्या वेगाने खाली-वर होत होता की तार दिसेनाशी होऊन नुसती धूसर पाकळी दिसत होती. दीड हात शिवण झाल्यावर कापड उलटले. एकही कडे नव्हते. तलम कापडाच्या एकेरी पदरावर घातलेली टीपही स्वच्छ आली; आधी त्या कापडावर यंत्र दहा टाकेही धड घालत नव्हते.

तीन आठवड्यांनी योग्य प्रकारची तयार स्प्रिंग आली. ती माझ्या स्प्रिंगपेक्षा कितीतरी सुबक आहे. वेढे एकमेकांना चिकटलेले, आकडा कारखान्यातल्या साच्यातून आलेला. उत्साहाने ती बसवली. तिची तार जाड असल्याने ओढ जास्त आहे. जाड दोऱ्याला ती उत्तम, पण मी शिवते तो बारीक सुती दोरा तिच्या ओढीने ताणला जात होता आणि तलम कापडावर शिवण पुन्हा चुरमडू लागली. खुंटी फिरवून ओढ कमी केली तर आकडा थांब्यापर्यंत नीट पोचेना. दोन दिवस प्रयत्न करून मी ती काढली आणि गिटारच्या तारेची परत घातली. तयार स्प्रिंग कागदाच्या पुडीत, वर यंत्राचा क्रमांक आणि टेन्शनचा प्रकार लिहून, झाकणाच्या आतल्या खणात ठेवली आहे. जाड कापडाचे काम निघाले की ती बसवून पाहायची आहे. माझी स्प्रिंग किती टिकेल याचा भरवसा नाही, म्हणून त्याच तारेच्या आणखी दोन वळवून त्याच पुडीत टाकल्या.

गेल्या आठवड्यात तेल घालण्यासाठी फेस प्लेट उघडली तेव्हा जुन्या रेघेच्या किंचित वरच्या बाजूला एक नवी रेघ उमटू लागलेली दिसली. माझा आकडा मूळ आकड्यापेक्षा केसभर आखूड आहे तर. बॉबिन भरण्याच्या चाकाची रबरी कडी मात्र कडक होऊन तडकली आहे. ती चाकावर नुसती घसरते, आणि नवी येईपर्यंत बॉबिन मी हातानेच भरते आहे.